एकाच मापाने : समाजमाध्यमांवरील राजकीय मत आणि हिस्बाचे नियम

गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर पनवेलमधील एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. आपल्या भागातील पाणीटंचाई आणि तिला जबाबदार असलेला एक स्थानिक पुढारी, यांविषयी त्याने समाजमाध्यमावर काही मजकूर लिहिला होता. दोन दिवसांतच ‘नियमभंग’ एवढेच कारण दाखवून तो मजकूर काढून टाकण्यात आला. घरची मंडळी म्हणाली, बरे झाले, आपल्या लोकांनी या भानगडीत पडूच नये. मित्र म्हणाले, आता दुप्पट जोराने लिही. त्याने विचारले, “मौलाना, गप्प बसलो तर गुनाहगार, की लिहिले तर गुनाहगार?”

अशा प्रश्नाला जिन्यात उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही. मी त्याला दुसऱ्या दिवशी असरनंतर बोलावले आणि त्याचा मजकूर सोबत आणण्यास सांगितले. त्या बैठकीची तयारी करताना जे वाचले आणि जे सुचले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

जिभेच्या संयमाविषयी आपल्या मशिदींतून पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मनुष्य जो शब्द उच्चारतो तो टिपून घेणारा निरीक्षक त्याच्याजवळ सिद्ध असतो, हे सूरह काफमध्ये सांगितले आहे. ज्याची अल्लाहवर आणि अंतिम दिनावर श्रद्धा आहे त्याने चांगले बोलावे अथवा मौन पाळावे, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मात्र आपण बहुधा तिचा उत्तरार्धच ऐकवतो. चांगले बोलणे हा पर्याय त्या हदीसमध्ये आधी आला आहे, मौन नंतर.

सूरह अन-निसाच्या १४८व्या आयतीकडे तर आपले फारच कमी लक्ष जाते. वाईट गोष्ट जाहीरपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही, असे सांगून त्याच आयतीत एक अपवाद केला आहे : ज्याच्यावर जुलूम झाला असेल त्याचा. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबत कोणत्या सहा प्रसंगी वैध ठरते ते नोंदविले आहे, आणि त्यांतील पहिला प्रसंग हाच आहे. पीडिताने सत्ताधारी, काजी अथवा न्याय देण्यास समर्थ असलेल्या व्यक्तीसमोर जुलूम करणाऱ्याचे नाव घेऊन फिर्याद मांडणे, याला ‘तजल्लुम’ म्हणतात. वाईट रोखण्यासाठी मदत मागणे हा दुसरा प्रसंग, आणि लोकांना हानीपासून सावध करणे हा आणखी एक. जालीम सत्ताधीशासमोर न्यायाचा शब्द उच्चारणे हा श्रेष्ठ जिहाद होय, ही अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांतील हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा राजकीय तक्रार ही सरसकट गीबत नव्हे. नळाला पाणी येत नाही आणि ज्याच्याकडे ते आणण्याची जबाबदारी आहे तो दाद देत नाही, असे नाव घेऊन म्हणणे हा नागरिकाचा हक्क आहेच. शरीअतच्या दृष्टीनेही ती मजलूमाची फिर्याद आहे.

आता मुद्दा येतो पहारेकऱ्याचा. बोलणाऱ्याला रोखण्याचा अधिकार कोणाला, केव्हा आणि किती?

आपल्या राज्यात या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी पालघरला लागली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली आणि मुंबई बंद राहिली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. माणसे रोजच मरतात आणि जग चालू राहते. आजचा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे. शहीद भगतसिंग, आझाद, सुखदेव यांच्यासाठी आपण शेवटचे कधी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो, असा त्यांचा आशय होता. त्यांत शिवी नव्हती, धमकी नव्हती, कोणाविरुद्ध चिथावणी नव्हती. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना केवळ पसंती दर्शविली होती. तरीही १९ नोव्हेंबरला दोघींना अटक झाली, आणि तत्पूर्वी जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. त्या रुग्णालयाचा त्या ओळींशी काय संबंध होता, हे जमावाला कोणी विचारले नाही.

दोघींना जामीन मिळाला, पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे तो खटला संपला. परंतु त्या अटकेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमाविरुद्ध श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्रासदायक, गैरसोयीचा अथवा अत्यंत आक्षेपार्ह संदेश पाठविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारे हे कलम होते. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरीमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या. चर्चा आणि समर्थन कितीही अप्रिय असले तरी त्यांना संरक्षण आहे. चिथावणीच्या पायरीवर मात्र कायद्याला हात घालता येतो. ‘त्रासदायक’ हा शब्द इतका सैल की त्यात काय बसते हे लिहिणाऱ्याला आधी कळत नाही आणि पोलिसाला हवे ते बसविता येते, हा आक्षेपही न्यायालयाने मान्य केला. याच निकालाने समाजमाध्यमांविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : कोणीही तक्रार केली म्हणून मजकूर हटविण्याचे कायदेशीर बंधन कंपनीवर येत नाही, न्यायालयाचा अथवा अधिकृत सरकारी आदेश आल्यावरच ते येते. अर्थात, स्वतःच्या नियमांनुसार हटविण्याची मुभा कंपनीकडे राहतेच, आणि आपल्या तरुणाचा मजकूर गेला तो याच दुसऱ्या दाराने.

हा निकाल वाचताना मला मदरशातील एक जुना धडा आठवला. ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये इमाम गझाली (रह.) यांनी हिस्बाचे, म्हणजे चांगल्याचा आदेश देण्याचे आणि वाइटापासून रोखण्याचे, सविस्तर प्रकरण लिहिले आहे. रोखणारा कोण असावा याची चर्चा त्यात आहेच. पण काय रोखता येते, याच्या चार अटीही आहेत. ती गोष्ट खरोखर मुन्कर, म्हणजे शरीअतने वाईट ठरविलेली असावी. ती त्या घडीला चालू असावी; पूर्वी घडून गेलेली किंवा पुढे घडेल अशी शंका असलेली नव्हे. ती टेहळणी न करता उघड दिसणारी असावी. आणि तिचे वाईटपण इज्तिहादशिवाय, निर्विवादपणे ठाऊक असावे. या अटी मुहतसिबाला आवरण्यासाठी आहेत. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या विद्वानाला चांगले माहीत होते की, ज्याच्या हाती रोखण्याची काठी येते त्याला ती फिरविण्याचा मोह होतो.

चौथी अट कोकणातील मुसलमानाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्या पनवेलमध्ये कोकणी कुटुंबे शाफई आहेत आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले बहुतेक जण हनफी. एकाच सफमध्ये एक जण रुकूला जाताना हात उचलतो, दुसरा उचलत नाही. शाफई घरात माकुल आवडीने शिजतो. हनफी मतानुसार तो खाणे योग्य नाही. म्हणून हनफी शेजाऱ्याने त्या घरात शिरून पातेले पालथे करावे काय? गझाली (रह.) म्हणतात, नाही; जेथे इमामांचा मतभेद आहे तेथे हिस्बा नाही. राजकीय मत हे जवळजवळ संपूर्णपणे याच मतभेदाच्या प्रदेशात मोडते. अमुक करवाढ अन्यायकारक आहे, अमुक नेत्याचे धोरण घातक आहे, अमुक बंद भीतीचा होता, ही मते चूक असू शकतात. पण चूक मत आणि मुन्कर यांत अंतर आहे, आणि पालघरच्या पोलिसांनी तेच अंतर पुसून टाकले होते.

तिसरी अट टेहळणीची. हजरत उमर (रजि.) यांची एक घटना गझाली (रह.) यांनीच नमूद केली आहे. रात्री एका घराची भिंत चढून त्यांनी आतील माणसाला गुनाह करताना पकडले. तो माणूस म्हणाला, मी एक अवज्ञा केली, आपण तीन केल्या : टेहळणी केली, दारातून न येता भिंतीवरून आलात, आणि सलाम करून परवानगी घेतली नाही. खलीफांनी त्याचे म्हणणे मान्य केले व त्याला तौबा करण्यास सांगून सोडून दिले. आज व्हॉट्सॲपवरील खासगी संभाषण कूटबद्ध असते, आणि संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील अट त्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित केली आहे. या वादात दोन्ही बाजूंना वजनदार युक्तिवाद आहेत. सूरह अल-हुजुरातच्या १२व्या आयतीत मात्र टेहळणीला स्पष्ट मनाई आहे, एवढे आपण विसरू नये.

यंत्राकडून होणाऱ्या पहाऱ्याचे एक उदाहरण तर थेट आपल्या शब्दसंग्रहातले आहे. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणारी मेटा कंपनी, तिच्या ‘धोकादायक’ यादीतील व्यक्तीसाठी ‘शहीद’ हा शब्द वापरला की तो गौरव समजून मजकूर काढून टाकत असे. वाक्य बातमीचे आहे, शोकाचे आहे की निषेधाचे, हे पाहिले जात नसे. त्याच कंपनीने नेमलेल्या, परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्या देखरेख मंडळाने मार्च २०२४मध्ये मत दिले की, ही सरसकट बंदी अभिव्यक्तीवर प्रमाणाबाहेर बंधन घालते व ती संपवावी; हिंसेच्या अन्य खुणा असतील तरच मजकूर हटवावा. त्याआधी मे २०२१मध्ये मस्जिद अल-अक्साचे नाव असलेले संदेशही इन्स्टाग्रामवरून चुकीने हटविले गेले होते, कारण ते नाव एका प्रतिबंधित संघटनेच्या नावाशी जुळत होते. आपल्याकडे भगतसिंगही शहीद आणि सीमेवरचा जवानही शहीद. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण देणाऱ्यांना मराठीने हुतात्मा म्हटले आणि मुंबईत त्यांच्या नावाचा चौक केला. शब्दाचा अर्थ वाक्यात असतो, हे व्याकरणाच्या पहिल्या वर्गात शिकवतात. यंत्र त्या वर्गाला बसलेले नव्हते.

येथवर वाचून काही वाचक समाधानाने मान डोलावतील. त्यांना आता थोडे अस्वस्थ करणे भाग आहे.

सूरह अल-मुतफ्फिफीनच्या प्रारंभी अशा लोकांचा धिक्कार आहे जे लोकांकडून घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. ही आयत केवळ धान्याच्या दुकानाला लागू आहे असे समजण्याचे कारण नाही. आपला मजकूर हटला की आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्याची दुहाई देतो. आपल्याला न रुचलेले राजकीय मत दिसले की आपणच गटागटांत आवाहन करतो : सर्वांनी मिळून तक्रार नोंदवा, खाते बंद पाडा. प्रेषितांच्या (स.) अवमानाची गोष्ट निराळी आहे, तेथे वेदना खरी आहे आणि द्वेष पसरविणाऱ्याविरुद्ध फिर्याद करण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण आपल्या मसलकवर टीका केली, आपल्या पसंतीच्या नेत्याला नावे ठेवली, एवढ्यावरून सामूहिक तक्रारींचा मारा करणे म्हणजे दोन मापे बाळगणे होय. आणि सूरह अल-अनआमच्या १०८व्या आयतीने तर आपल्यावर एक अधिकचे बंधन घातले आहे : इतर लोक ज्यांना पुजतात त्यांना अपशब्द बोलू नयेत. या आयतीवर वर्षाकाठी किती खुत्बे होतात, हे मी स्वतःलाही विचारतो.

ऑगस्ट २०१२ची आठवण याहून कडू आहे. म्यानमार व आसाममधील मुस्लिमांच्या यातनांच्या नावाने त्या काळात मोबाइलवर छायाचित्रे फिरत होती. यातना खऱ्या होत्या; पण त्यांतील अनेक छायाचित्रे भलत्याच देशांतील, भलत्याच घटनांची अथवा बनावट होती. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावरील निषेध सभा हिंसक झाली. दोन जणांचे प्राण गेले, पोलीस जखमी झाले, महिला पोलिसांशी गैरवर्तन झाले, अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. बातमी आणणाऱ्याची शहानिशा करा, नाहीतर अज्ञानाने एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल, हा सूरह अल-हुजुरातचा इशारा आपण कंठस्थ केला होता, अमलात आणला नव्हता. ज्या उम्मतने एकेका हदीससाठी कथन करणाऱ्यांची अख्खी साखळी तपासण्याचे शास्त्र उभारले, ती ‘जसे आले तसे पाठवले’ असे लिहून मोकळी होते. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, ही हदीस इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेतच घेतली आहे.

खोट्या संदेशाला धर्म नसतो, हे महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिले. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला एका निरपराध मुस्लिम तरुणाला जमावाने ठार मारले. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली छायाचित्रे प्रसृत झाली होती; त्यांच्याशी त्या तरुणाचा काडीचा संबंध नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ते भिक्षुकी करणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. ही मर्यादा मला हिस्बाच्या अटींत बसणारी वाटते. ती कोणाचे मत दाबत नाही. केवळ पळत्या पायाला थोडी अडचण करते.

जून २०२३मधील कोल्हापूरच्या प्रकरणाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. काही अल्पवयीन मुलांनी स्टेटसवर औरंगजेब, टिपू सुलतान यांचे उदात्तीकरण करणारा मजकूर ठेवला. ७ जूनला बंद, दगडफेक, दुकानांची मोडतोड झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. मुलांच्या स्टेटसचा सूड दुकानदारांवर उगवणे हा उघड जुलूम होता आणि त्याचे समर्थन कोणत्याही मापाने होऊ शकत नाही. पण त्या मुलांना आपण काय शिकविले होते? इतिहासातील बादशहाविषयी मत असणे एक आणि शेजाऱ्याला डिवचण्यासाठी त्याचे चित्र लावणे दुसरे. फिरऔनकडे जाताना मूसा (अलै.) यांना मृदू वाणीने बोलण्याचा आदेश होता. ज्या बोलण्यातून कोणा मजलूमाला न्याय मिळत नाही आणि ज्याचा हेतूच समोरच्याला खिजविणे हा आहे, त्याला हक्काचा शब्द म्हणता येणार नाही. कायदा त्याला कदाचित मोकळे सोडील, आणि सोडावेही. आपण मात्र आपल्या मुलाला घरात बसवून समजावले पाहिजे.

बुखारी शरीफमधील जहाजाची हदीस अशा वेळी नेहमी सांगितली जाते. वरच्या मजल्यावर काही लोक, खालच्या मजल्यावर काही. खालच्यांना पाण्यासाठी दरवेळी वर जावे लागे. ते म्हणाले, वरच्यांना त्रास नको, आपल्या भागातच भोक पाडू. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सारे वाचतील. सोडून दिले तर सारे बुडतील. नियंत्रणाचे समर्थक यातील हात धरण्यावर भर देतात, आणि तो भर चुकीचा नाही. परंतु त्या लोकांना तहान लागली होती, हेही त्याच हदीसमध्ये आहे. त्यांचे हात धरून झाल्यावर पाण्याचे काय, हा प्रश्न वरच्या मजल्याला सुटत नाही.

राहिला प्रश्न निवाड्याचा. हजरत अली (रजि.) यांना यमनला न्यायदानासाठी पाठविताना प्रेषितांनी (स.) शिकविले की, दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याविना पहिल्याच्या बाजूने निकाल देऊ नये. समाजमाध्यमांचे निकाल बहुधा एका पक्षाचेही नीट न ऐकता लागतात. सरकारलाच न्यायाधीश करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये नियमदुरुस्ती करून आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा हे ठरविणारा तथ्यतपासणी कक्ष नेमण्याची तरतूद केली होती. विनोदकार कुणाल कामरा आणि पत्रकारांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांच्या मतामुळे ती तरतूद रद्द झाली. स्वतःच्या खटल्यात स्वतःच काजी बसू नये, हे आपल्या फिक्हच्या विद्यार्थ्यालाही परके वाटणार नाही.

तरुण दुसऱ्या दिवशी आला. त्याचा मजकूर चार वाक्यांचा होता. पहिल्या तीन वाक्यांत नळ किती दिवस कोरडा आहे, कोणाकडे किती वेळा अर्ज केले आणि काय उत्तर मिळाले, हे होते. अर्जांच्या पोचपावत्या त्याच्या मोबाइलमध्ये होत्या. चौथ्या वाक्यात त्या पुढाऱ्याने टँकरवाल्यांकडून पैसे घेतल्याचे लिहिले होते. “हे कोणी सांगितले?” मी विचारले. “सगळेच म्हणतात.” त्याला मी गीबत आणि बोहतान यांतील फरक सांगणारी हदीस दाखविली : दोष खरोखर असेल तर ती गीबत, नसेल तर बोहतान. पहिल्या तीन वाक्यांना तजल्लुमचे संरक्षण होते. चौथ्याला पुरावा नव्हता, म्हणून त्याला कसलेच संरक्षण नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण मौलाना, त्या एका वाक्यासाठी बाकीची तीन का काढली?” हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि तो आम्ही तसाच अपिलात लिहिला.

मोठ्या समाजमाध्यमांनी भारतात तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची आणि नियमांत ठरवून दिलेल्या मुदतीत निकाल द्यायचा. निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्याने चौथे वाक्य मागे घेत असल्याचे लिहून दिले, पोचपावत्यांची छायाचित्रे जोडली आणि उरलेली तीन वाक्ये पूर्ववत करण्याची मागणी केली. पोच त्याच रात्री आली. आज अकरावा दिवस आहे.